बत्तीस नंबरचं पुस्तक

बुधवारी रात्री मी पेटी भरते.
चिलोएच्या या अंगाला सात बेटं, एक बोट,
आणि बोटवाल्या बालदोमेरोचा नियम:
पुस्तकं चाळीस. एकेचाळिसावं घातलंस
तर बटाट्याची पोती तू उतरवायची.

चाळीस म्हणजे तसं कमी नाहीत,
पण ही पोरं! दातालासुद्धा पुरत नाहीत.

एर्सिरा आधी शेवटचं पान उघडते,
कुत्रा जिवंत असेल तरच पुस्तक घरी नेते.
तिच्यासाठी सगळे कुत्रे तपासून ठेवलेत मी.
एक मांजरही.
आगुएदोंच्या जुळ्यांना नकाशा लागतो,
घडीचा, आणि त्यावर निदान एक जागा
कोरी.
धाकट्या ओतिलियाला खून चालतो,
काळोख चालत नाही.
का गं, म्हटलं, तर म्हणाली,
खून कुणीतरी करतं,
काळोख आपला आपण होतो.

निवडताना पहिली दहा पानं वाचते.
दहा पानांत कुणी दार उघडलं नाही
की पुस्तक परत फळीवर.
मोठ्यांनी वाखाणलेली बरीचशी
इथेच गळतात.
आणि ज्यात लेखक मध्येच थांबून
मुलांचे कान धरतो,
ती मी बालदोमेरोला देते, चूल पेटवायला.
देत नाही. पण म्हणते तसं.

बत्तीस नंबरचं मात्र
तीन खेपा लाइफ जॅकेटांखाली राहिलं.
चांगलं पुस्तक. पहिल्याच पानावर दार उघडतं.
एक मुलगा, एक कंदील,
धुक्यात गेलेली होडी
आणि होडीत बाप.

रोसामेल बारा वर्षांचा.
त्याच्या वडिलांची होडी ऑगस्टात गेली.
होडी मिळाली.

कोण काय नेतं ते तोच लिहितो,
अक्षर चांगलं आहे म्हणून यादी त्याच्याकडे.
एका गुरुवारी त्याची पेन्सिल थांबली.
"एकतीसनंतर तेहतीस आहे."
हरवलं असेल, मी म्हटलं.
"हरवलेल्यावर तुम्ही फुली मारता.
इथे फुली नाही. जागा आहे."
मग पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आणि बाकावर जागा असताना
तुम्ही जॅकेटांवर बसता."

काय बोलणार.
दोन वर्षांत अकरा रहस्यकथा
मीच तर दिल्या होत्या त्याला.
उठले.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं,
पानांना चुलीचा धूर, पुठ्ठा दमट, फुगलेला.
कसं वाटलं असं मी कुणाला विचारत नाही,
परीक्षा घेतल्यासारखं होतं.
यादी पुढे केली.
त्याने बत्तीस लिहिलं, जमा लिहिलं,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसला,
होतं तरी.

"शेवट खोटा आहे," म्हणाला.
पेन्सिलीचा भुसा फुंकून पाण्यात उडवला.
"धुकं बरोबर लिहिलंय पण."

बालदोमेरोने भोंगा दिला. ओहोटी लागली होती.
धक्क्यावर उतरता उतरता तो वळला,
"असं एखादं आहे का,
ज्यात तो सापडतच नाही,
आणि तरी दुसऱ्या दिवशी
कुणीतरी होडी काढतं?"

कास्त्रोला पाठवायच्या मागणीपत्रात
रकाने तीनच: वय, प्रकार, प्रती.
वय बारा. प्रती एक.
प्रकारापाशी कंदिलाचं तेल संपलं.
साहस म्हणावं, तर पुरेसं नाही,
आणि रहस्य कसलं,
समुद्राला काही लपवायचं नसतं.
शेवटी त्याचीच वाक्यं लिहिली,
रकान्याबाहेर गेली, मागच्या पानावर.

सकाळी बालदोमेरोने पेटी उचलली,
हातानेच वजन केलं.
"एकोणचाळीस?"
हो.
"एक विसरलीस."
नाही, म्हटलं. जागा ठेवलीय.

त्याने जरा विचार केला,
आणि फडक्यात बांधलेला आपला पाव
तिथे नीट बसवला.